ठरावापासून लक्षवेधीपर्यंत

सातारा-सांगलीकडे नगराध्यक्षपदाचा निकाल लागला की मिरवणुकीतला गुलाल खाली बसायच्या आत चौकात फलक उभा राहतो, आणि हात जोडलेल्या फोटोखाली ‘भावी आमदार’ अशी अक्षरं असतात. फलक लावणाऱ्या कार्यकर्त्याचा उत्साह खरा असतो. पण त्या दोन शब्दांखाली एक मोठा प्रश्न झाकला जातो. नगराध्यक्षाचं काम आणि आमदाराचं काम यांत साम्य किती? पाच वर्षं गाव चालवताना जे शिकणं झालं, ते विधानभवनात कामी येतं की दारातच ठेवून आत जावं लागतं?

हा विषय आत्ता मांडायला कारण आहे. डिसेंबर २०२५ मध्ये सातारा, कराड, फलटण, वाई, विटा, ईश्वरपूर अशा नगरपालिकांत लोकांनी पुन्हा थेट नगराध्यक्ष निवडले. त्याआधी जवळजवळ चार वर्षं तिथे प्रशासकांचा कारभार होता, कारण इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात होता. चार वर्षं सभागृहात एकही ठराव मांडला गेला नाही, एकाही नगरसेवकाने अंदाजपत्रकावर तोंड उघडलं नाही. आता नवी माणसं खुर्चीत बसली आहेत आणि त्यांतल्या काहींच्या मनात पुढची पायरी नक्कीच असणार. असावी. माझं म्हणणं एवढंच की ज्याने नगरपालिका चालवली आहे अशा माणसाची विधानसभेला फार गरज आहे, पण निवडणूक त्याला त्या गुणासाठी निवडत नाही, आणि निवडून गेल्यावर तोही बहुधा तो गुण विसरतो.

नगराध्यक्षाच्या हातात नेमकं काय असतं, ते आधी पाहू. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ यातल्या कलम ५८ मध्ये त्याची कामं आहेत. सभेचं अध्यक्षस्थान, मतं समसमान पडली तर निर्णायक मत, स्थायी समितीचं सभापतिपद, आर्थिक आणि कार्यकारी कारभारावर लक्ष. पूर, आग, फुटलेली मुख्य जलवाहिनी अशा तातडीच्या प्रसंगी तो सभेची वाट न पाहता काम करायला किंवा थांबवायला सांगू शकतो. मात्र पुढच्या सभेत त्याचा अहवाल ठेवावा लागतो. इतकंच. धनादेश निघतो तो मुख्याधिकाऱ्याच्या सहीने, आणि मुख्याधिकारी हा राज्य शासनाचा माणूस. त्याची नेमणूक आणि बदली मंत्रालयातून होते. लोकांना वाटतं नगराध्यक्ष म्हणजे गावचा मालक. प्रत्यक्षात त्याला प्रत्येक गोष्ट दुसऱ्याकडून करून घ्यावी लागते, आणि ती करून घेण्याचं मुख्य हत्यार म्हणजे ठराव.

म्हणून चांगला नगराध्यक्ष ओळखायचा तर भाषण ऐकू नये, ठरावाची वही पाहावी. सर्वसाधारण सभेला सात पूर्ण दिवसांची नोटीस लागते, विशेष सभेला तीन पूर्ण दिवसांची. विषयपत्रिकेवर विषय नेमक्या शब्दांत असावा लागतो, सूचक आणि अनुमोदक असावे लागतात, खर्चाचा विषय असेल तर तो अंदाजपत्रकातल्या कोणत्या लेखाशीर्षातून जाणार ते लिहावं लागतं. हे सगळं टाळून सभा संपता संपता ‘ऐनवेळचे विषय’ म्हणून दहा-पंधरा कामं मंजूर करून घेण्याची सवय अनेक सभागृहांना आहे. मग विरोधी गटाचा एखादा सदस्य जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करतो, आणि कलम ३०८ खाली त्या ठरावांची अंमलबजावणी तहकूब होते. गावात बोंब होते की विरोधकांनी काम अडवलं. खरं तर काम अडलेलं असतं ते नोटिशीच्या कागदावर. ज्याला ही शिस्त पाळता येते, त्याचं काम स्थगितीत सापडत नाही.

दुसरी परीक्षा रस्त्याखाली असते. कोणत्याही गल्लीत कामाचा क्रम ठरलेला आहे. आधी भुयारी गटार, कारण ती सगळ्यात खोल जाते आणि तिला उतार सांभाळावा लागतो. मग पाण्याची वाहिनी, मग प्रत्येक घराच्या जोडण्या, मग केबल, आणि सगळ्यात शेवटी डांबर किंवा काँक्रीट. हा क्रम नगरपालिकेतल्या प्रत्येकाला तोंडपाठ असतो आणि तरीही तो उलटतो. कारण गटारीचा पैसा एका योजनेतून येतो, पाण्याचा दुसरीतून, रस्त्याचा तिसरीतून, आणि रस्त्याचा आधी येतो. मार्चअखेर तो खर्च झाला नाही तर परत जाईल या भीतीने रस्ता आधी होतो. वर्षभराने पाण्याची वाहिनी मंजूर होते आणि तोच रस्ता उकरला जातो. चर बुजवताना मातीचे थर दाबले नाहीत की पहिल्या वळवातच तो पट्टा खचतो. यात चोरी असेलच असं नाही. पैशाच्या वाटा वेगवेगळ्या वेळी उघडतात, म्हणून हे घडतं. नगराध्यक्षाला हे दिसतं, पण बदलता येत नाही. बदलता येतं ते फक्त मुंबईत. माझ्या मते नगराध्यक्षाने आमदार व्हावं याचं सगळ्यात सबळ कारण हेच आहे.

कराडचं उदाहरण या भागात प्रत्येकाच्या तोंडी असतं. पी. डी. पाटीलसाहेब चार दशकांहून अधिक काळ कराडचे नगराध्यक्ष राहिले. यशवंतराव चव्हाणांचे ते जवळचे सहकारी. सह्याद्री साखर कारखान्याच्या उभारणीतही होते आणि कराड उत्तरचे आमदारही झाले. पण आजही जुन्या कराडकराला त्यांच्याबद्दल विचारा, आधी नगरपालिकेचा विषय निघतो, आमदारकी नंतर येते. इतका काळ एका खुर्चीत एकच माणूस असणं लोकशाहीला चांगलं की वाईट, यावर वाद होऊ शकतो. मात्र त्यातून एक गोष्ट साधली. पाण्याची टाकी बांधण्याचा निर्णय घेणारा माणूस ती टाकी अपुरी पडेपर्यंत खुर्चीत होता, त्यामुळे आपल्याच निर्णयाचं फळ त्याला पाहावं लागलं.

आज ही सोय कुणालाच नाही. नगराध्यक्ष निवडण्याची पद्धतच सारखी बदलत राहिली. २००१ मध्ये थेट लोकांतून, २००६ पासून सदस्यांतून, २०१६ ला पुन्हा थेट, २०२० मध्ये ते रद्द, २०२२ मध्ये परत थेट. सदस्यांतून निवड असते तेव्हा मुदत अडीच वर्षांची, आणि तीही आघाडीतल्या समजुतीने सव्वा-सव्वा वर्षात वाटली जाते. सव्वा वर्षात माणूस फार तर एक अंदाजपत्रक मांडतो. थेट निवडणुकीत मुदत पाच वर्षांची मिळते, पण वेगळी अडचण येते. २०१६ मध्ये कराडला थेट निवडून आलेल्या नगराध्यक्षा रोहिणी शिंदे भाजपच्या होत्या आणि सभागृहात बहुमत जनशक्ती आघाडीचं. अशा वेळी प्रत्येक विषयावर समजूत घालावी लागते. तरीही त्याच मुदतीत, २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या लोकसंख्येच्या शहरांत कराड देशात पहिलं आलं. पुढच्याच वर्षी, २०२१ ला, त्या गटात पहिलं आलं सांगली जिल्ह्यातलं विटा. लागोपाठ दोन वर्षं देशातला पहिला नंबर कृष्णाकाठच्या या दोन जिल्ह्यांत राहिला, ही गोष्ट आपण मोठ्याने सांगायला हवी. घरोघरी ओला-सुका वेगळा घेणारी गाडी, डेपोवर साठलेल्या जुन्या कचऱ्याचा निपटारा, सार्वजनिक शौचालयात पाणी आणि वीज रोज असणं, आणि या सगळ्याच्या नोंदी वेळेवर भरणं. यातलं एकही काम भाषणाने होत नाही.

आता पैशाकडे वळू, कारण नगराध्यक्षाला मुंबईची वाट दाखवतो तो पैसा. १९९९ पर्यंत नगरपालिकांचा मोठा आधार जकात होती. गावाच्या वेशीवरचा नाका रोज रोख रक्कम देत होता. नाक्यावरचा त्रास आणि गैरव्यवहार खरा होता, जकात गेली याचं दुःख करण्याचं कारण नाही. पण तिच्या जागी आलं सहायक अनुदान, आणि ते येतं मंत्रालयातून. स्वतःचं उरलं ते घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं आणि बांधकाम परवानगीचं शुल्क. त्यातून पगार, पथदिव्यांचं बिल आणि पंपांचं वीजबिल भागवायचं म्हणजे ओढाताणच.

पंपाच्या बिलाचं गणित साताऱ्यात छान दिसतं. कास तलावाचं पाणी डोंगरावरून उताराने गावात येतं, त्याला वीज जवळजवळ लागत नाही. शहापूर योजनेचं पाणी उरमोडी नदीवरून पंपाने चढवावं लागतं. पाणी दोन्हीकडचं सारखंच गोड, पण एका पाण्यामागे दरमहा वीजबिल आहे. म्हणून कास धरणाची उंची वाढवण्याचा आग्रह नुसत्या टंचाईपोटी नव्हता, खर्चाच्या हिशेबानेही तो बरोबर होता. २०२० मध्ये हद्दवाढ होऊन शाहूपुरी, विलासपूर असे भाग साताऱ्यात आले, तेव्हा मागणी एकदम वाढली आणि कर भरणारेही वाढले. मात्र कराची सवय ग्रामपंचायतीच्या दराची होती. कराडशेजारच्या मलकापूरने वेगळी वाट धरली. मीटर बसवले, चोवीस तास पाणी दिलं आणि वापर वाढेल तसा दर चढता ठेवला. नळाला पाणी कायम असलं की लोक घरातली पिंपं भरून ठेवत नाहीत आणि शिळं पाणी गटारीत ओतत नाहीत, हे तिथे दिसून आलं. मीटरला मत देणारा मतदार मिळवणं हे आमदारकी मिळवण्याइतकंच अवघड आहे, त्यामुळे मलकापूरकरांचं कौतुक वाटतं.

मोठी योजना मात्र स्वतःच्या पैशाने होत नाही. केंद्राची अमृत योजना असो, राज्याची नगरोत्थान असो, प्रवास एकच. सल्लागाराकडून सविस्तर प्रकल्प अहवाल, तीस वर्षांपुढची लोकसंख्या धरून, माणशी दिवसाला १३५ लिटर पाण्याच्या हिशेबाने. सभेचा ठराव, त्यात नगरपालिकेचा हिस्सा भरण्याची हमी. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची तांत्रिक मान्यता. नगरविकास विभागाची प्रशासकीय मान्यता. मग निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, टप्प्याटप्प्याने निधी, आणि प्रत्येक टप्प्याला आधीच्या रकमेचं उपयोगिता प्रमाणपत्र. काम अडतं ते बहुधा तीन ठिकाणी. टाकीची जागा नगरपालिकेच्या नावावर नसते, सातबारावर किंवा सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर वेगळंच नाव निघतं. दुसरं, अहवाल जुन्या दरसूचीने केलेला असतो आणि मान्यता येईपर्यंत पाइपाचे दर वाढलेले असतात, मग निविदेला ठेकेदार येत नाही किंवा जादा दराने येतो. तिसरं, नगरपालिकेचा हिस्सा भरायला तिजोरीत पैसा नसतो. या तीन गोष्टी ज्या नगराध्यक्षाला पहिल्या वर्षात कळतात, त्याचं काम मुदतीत होतं. ज्याला चौथ्या वर्षी कळतात, त्याच्या योजनेचं उद्घाटन दुसरा करतो.

नगरविकासच्या फाइलीमागे मंत्रालयाच्या फेऱ्या मारता मारता त्याच्या लक्षात येतं की आमदाराचं पत्र सोबत असलं की तीच फाइल हलते. फलकावरचे ते दोन शब्द त्याला त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःला खरे वाटू लागतात.

पण गाव आणि मतदारसंघ यांचा आकार जुळत नाही. राज्याच्या २८८ मतदारसंघांत २५५ ते २६२ सातारा जिल्ह्याचे आणि २८१ ते २८८ सांगलीचे. जत हा राज्यातला शेवटचा क्रमांक. एकेका मतदारसंघात साधारण तीन लाख मतदार. २०११ च्या जनगणनेत विटा, फलटण, कराड ही गावं पन्नास हजारांच्या आसपास. म्हणजे सगळं गाव एका दिलाने पाठीशी उभं राहिलं, जे कधीच होत नाही, तरी विजय हुकतो. बाकीची मतं वाड्या-वस्त्यांत आहेत आणि तिथला प्रश्न गटारीचा नाही. तिथे विचारतात कॅनॉलचं आवर्तन कधी सुटणार, जळालेला डीपी किती दिवसांत बदलणार, पाणंद रस्ता कधी खुला होणार, कारखान्याची ऊसतोडीची टोळी आपल्या शिवारात कधी येणार. नगराध्यक्षाला याची उत्तरं ठाऊक नसतात. कारखान्याचा संचालक, जिल्हा बँकेचा प्रतिनिधी, जिल्हा परिषदेचा सदस्य यांना ती ठाऊक असतात, आणि म्हणूनच या दोन जिल्ह्यांत आमदारकी बहुधा त्या वाटेने येते.

विट्यात हे अगदी स्पष्ट दिसलं. विटा नगरपालिका दीर्घकाळ पाटील घराण्याच्या हाती राहिली, सदाशिवराव पाटील आमदारही झाले. पण विटा ज्यात येतं तो खानापूर मतदारसंघ २०१४ आणि २०१९ ला अनिल बाबर यांच्याकडे गेला, आणि त्यांची ओळख होती टेंभू उपसा सिंचन योजनेच्या पाण्याची. नळाच्या पाण्यावर शेताच्या पाण्याने मात केली. २०२४ ला त्यांचे चिरंजीव सुहास बाबर यांच्यासमोर विट्याचे माजी नगराध्यक्ष वैभव पाटील उभे राहिले, तेव्हाही कौल तोच. इस्लामपुरात, म्हणजे आताच्या ईश्वरपुरात, निशिकांत पाटील २०१६ ला थेट नगराध्यक्ष झाले. जयंत पाटलांच्या गावात हा मोठाच धक्का होता. २०१९ ला त्यांनी अपक्ष म्हणून विधानसभा लढवली आणि हरले. २०२४ ला राष्ट्रवादीच्या अजित पवार गटाकडून पुन्हा लढले आणि सुमारे तेरा हजार मतांनी मागे राहिले. पहिल्या आणि दुसऱ्या लढतीतलं अंतर किती कमी झालं ते पाहिलं की कळतं, मधली पाच वर्षं त्यांनी गावाबाहेरच्या मतदारांत फिरून काढली.

फलटणला उलट घडलं. रामराजे नाईक-निंबाळकर नगराध्यक्षपदापासून सुरुवात करून १९९५ ला अपक्ष आमदार झाले, आणि लगेच त्यांनी विषय धरला तो कृष्णा खोऱ्याच्या पाण्याचा. फलटण गावापुरतं बोलत बसले असते तर एका मुदतीत संपले असते. पुढे मंत्री झाले, २०१५ ते २०२२ विधान परिषदेचे सभापती राहिले. पण त्यांच्याही वाटेत एक वळण आलं, जे कुणाच्याच हातात नसतं. २००८ च्या पुनर्रचनेत फलटण मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाला आणि विधानसभेचं घरचं दार बंद झालं. कराडचंही असंच. आज कराड शहर कराड दक्षिण मतदारसंघात आहे आणि सह्याद्री कारखान्याचा बराचसा पट्टा कराड उत्तरमध्ये. एकाच माणसाने नगरपालिका आणि कारखाना दोन्ही सांभाळले तरी दोन्हीकडची मतं त्याला एका मतपेटीत मिळणार नाहीत.

आणखी एक फरक कागदावरचा आहे. गावची निवडणूक बहुधा आघाड्यांवर चालते. साताऱ्यात बरीच वर्षं सातारा विकास आघाडी आणि नगर विकास आघाडी समोरासमोर होत्या, कराडात जनशक्ती आणि लोकशाही. निकालानंतर आघाडीची नोंद जिल्हाधिकाऱ्यांकडे गट म्हणून होते, गटनेता पक्षादेश काढतो, आणि राज्यातल्या पक्षांची भांडणं गावाच्या वेशीबाहेर राहतात. विधानसभेला हे चालत नाही. तिथे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा ए-बी फॉर्म लागतो आणि तो अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर पोहोचावा लागतो. ज्या माणसाने दहा वर्षं सगळ्या पक्षांच्या नगरसेवकांना एकत्र धरून आघाडी चालवली, त्याला एका दिवसात एका पक्षाचा व्हावं लागतं, आणि आघाडीतले निम्मे त्याच दिवशी दुरावतात. खर्चाची मर्यादाही बदलते. अ वर्ग नगरपरिषदेत नगराध्यक्षपदाच्या उमेदवाराला १५ लाख, विधानसभेला ४० लाख. पात्रतेच्या अटीही सारख्या नाहीत. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालेल्याला नगरसेवक होता येत नाही, आमदार होता येतं. गावच्या पुढाऱ्याला लावलेली अट कायदा करणाऱ्याने स्वतःला लावून घेतलेली नाही, हे मला पटत नाही.

समजा, हे सगळं पार करून माणूस विधानसभेत पोहोचला. तिथे त्याला पहिला धक्का बसतो तो अधिकाराचा. नगराध्यक्ष असताना सकाळी स्वच्छता निरीक्षकाला फोन केला की दुपारपर्यंत कोंडाळं उचललं जात होतं. आमदाराला कुणालाही आदेश देता येत नाही. तो विचारू शकतो, मागू शकतो, शिफारस करू शकतो. आमदार निधी वर्षाला पाच कोटींचा, पण तोही त्याच्या हातात येत नाही. त्याचं शिफारसपत्र जिल्हा नियोजन कार्यालयात जातं, अंमलबजावणी यंत्रणा अंदाजपत्रक करते, जिल्हाधिकारी प्रशासकीय मान्यता देतात. मतदारसंघात दीडशे गावं धरली तर गावाच्या वाट्याला वर्षाला सव्वातीन लाखांहून थोडे जास्त येतात. एवढ्यात सभामंडपाचा पत्रा किंवा गल्लीतलं थोडं काँक्रीट होतं. नगरपालिका चालवलेला आमदार इथे एक शहाणपण करू शकतो. जागेचा उतारा, ते काम आधीच दुसऱ्या योजनेत घेतलेलं नाही याचा दाखला आणि चालू दरसूचीचं अंदाजपत्रक, हे तीन कागद जोडल्याशिवाय शिफारसपत्रच द्यायचं नाही. असं केलं तर मार्चमध्ये त्याचा निधी परत जात नाही.

पण निधी हा आमदारकीचा सगळ्यात लहान भाग आहे. मोठा भाग सभागृहात आहे: तारांकित प्रश्न, तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी लक्षवेधी सूचना, सार्वजनिक महत्त्वाच्या विषयावरची नियम २९३ खालची चर्चा, कपात सूचना, पुरवणी मागण्या. आणि माजी नगराध्यक्षाचं शिकणं कामी येतं ते इथेच. ‘अमुक शहरातील पाणीपुरवठ्याच्या समस्येबाबत’ असा प्रश्न विचारला की छापील उत्तर येतं, ‘हे अंशतः खरे आहे’. पुढच्या भागाला उत्तर, ‘प्रश्न उद्भवत नाही’. ज्याने फाइल स्वतःच्या हाताने फिरवली आहे तो असा प्रश्न विचारत नाही. तो विचारतो, प्रकल्प अहवाल प्राधिकरणाकडे कोणत्या तारखेला दाखल झाला, त्यावर त्रुटींची पत्रं किती वेळा आणि कोणत्या तारखांना निघाली, नगरपरिषदेने पूर्तता कधी केली, आणि आज ती फाइल नगरविकास विभागाच्या कोणत्या कार्यासनात, म्हणजे टेबलावर, आहे. या प्रश्नाला अंशतः उत्तर देता येत नाही. मंत्र्याने ‘तपासून घेऊ’ म्हटलं तर हाती तारीख लागत नाही, ‘तीन महिन्यांत निर्णय घेऊ’ म्हटलं तर लागते आणि आश्वासन समिती त्या आश्वासनाचा पाठपुरावा करते. हा फरक समजून मंत्र्याकडून तारीख वदवून घेणं ही कला आहे. ज्याला सभेत ठरावाचे शब्द नेमके लिहायची सवय आहे, त्याला ती लवकर साधते.

सांगलीची गोष्ट थोडी वेगळी, कारण तिथे १९९८ पासून सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिका आहे आणि नगराध्यक्षाच्या जागी महापौर. मुदत अडीच वर्षांची. कारभाराचे अधिकार आयुक्तांकडे, तिजोरीची किल्ली सोळा जणांच्या स्थायी समितीकडे, महापौराकडे सभागृह आणि मान. महापौरपदावरून वर जाण्याची मोठी उदाहरणं राज्यात आहेत. देवेंद्र फडणवीस १९९७ ला नागपूरचे महापौर झाले आणि दोनच वर्षांत आमदार. पण सांगलीच्या सभागृहात बसलेल्या माणसाने विधानसभेत जावं याचं कारण मला कृष्णेच्या पुरात दिसतं. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं. पूररेषेच्या आत बांधकाम परवानगी द्यायची की नाही, भराव टाकून नैसर्गिक नाले बुजवले तर काय, हे नियम सांगलीत होत नाहीत. मुंबईसारखे काही अपवाद सोडले तर राज्यभरासाठी एकच विकास नियंत्रण नियमावली मंत्रालयात तयार होते, त्यात नदीकाठचं सखल गाव आणि माळावरचं गाव एकाच मापात बसवलं जातं. कोणत्या नाल्यावर भराव पडला आणि पाणी कोणत्या गल्लीत आधी शिरलं, हे सांगणारा माणूस त्या चर्चेत लागतो.

आता जे मनाला लागतं ते. निवडून गेलेला माजी नगराध्यक्ष बहुधा गाव सोडत नाही. नव्या नगराध्यक्षाच्या विषयपत्रिकेवर त्याची नजर असते, मुख्याधिकारी कोण यावा हे तो मुंबईतून ठरवतो, वैशिष्ट्यपूर्ण कामांचं अनुदान आलं तर कोणत्या प्रभागात खर्च करायचं याची यादी त्याच्या कार्यालयातून जाते. स्वतः नगराध्यक्ष असताना ज्या हस्तक्षेपाचा त्याला राग येत होता, तोच तो करू लागतो. कर आकारणीचं पाहा. दर चार वर्षांनी चतुर्थ वार्षिक आकारणी होते, मालमत्तांची नव्याने मोजणी होते, नोटिसा जातात, हरकती येतात, गावात मोर्चा निघतो. नगराध्यक्ष असताना याच माणसाने थकबाकीची यादी पाहून हताश होऊन सांगितलेलं असतं की आकारणी झाली नाही तर पंपाचं बिल भरता येणार नाही. आमदार झाल्यावर तोच मंत्रालयात जाऊन स्थगिती आणतो, आणि स्थगितीच्या बातमीचा फलक लावतो. नगरपालिकेचा हिस्सा भरायला पैसा का नसतो, याचं अर्धं उत्तर त्या स्थगितीत आहे. हे थांबवणं एका माणसाच्या हातात असतं आणि त्यासाठी कुठला कायदा बदलावा लागत नाही.

कायदा बदलायचाच तर जागा आहेत. कलम ३०८ खाली तहकूब केलेल्या ठरावावर अंतिम निर्णय किती दिवसांत व्हावा, याची काटेकोर मुदत हवी. एका रस्त्याच्या गटार, पाणी आणि डांबराच्या कामांना एकत्र मान्यता देण्याची पद्धत हवी. आणि नगरपालिकेची मुदत संपल्यावर चार-चार वर्षं प्रशासक बसणार नाही, याची तजवीज हवी. राज्यघटनेने पाच वर्षांची मुदत घालून दिली असतानाही ते घडलंच. यांतलं प्रत्येक काम अशासकीय विधेयकाने किंवा नियम २९३ च्या चर्चेने विधानसभेत सुरू करता येतं.

नव्या नगराध्यक्षांना आणि नगरसेवकांना यासाठी विधानसभेच्या निवडणुकीपर्यंत थांबण्याचीही गरज नाही. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी २२ स्थानिक संस्थांमधून भरल्या जातात आणि सांगली-सातारा हा त्यातला एक मतदारसंघ; २०१६ ला इथून मोहनराव कदम निवडून गेले होते. मतदार तेच: नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य, पंचायत समित्यांचे सभापती. सभागृहंच रिकामी राहिल्याने राज्यातल्या अशा अनेक जागा रिकाम्या पडल्या, पण सभागृहं पुन्हा भरली की निवडणूक होणारच. या दोन जिल्ह्यांत तेव्हा मत मागायला जो उमेदवार येईल त्याला नगरपालिकेच्या सभागृहात बसवून विचारावं: तुमच्या गावच्या पाणीयोजनेची फाइल आज कोणत्या कार्यासनात आहे, नगरपालिकेचा हिस्सा किती आणि भरलाय का, आणि चतुर्थ वार्षिक आकारणीला तुम्ही स्थगिती मागणार आहात का?